सोड म्हटलं की सोडायचं

१

रविवारी सकाळी नऊ वाजता चहाचा दुसरा कप घेऊन उत्तरा पेडगावकर फोन नंबरांची वही उघडायची, आणि बारा वाजता ती वही भिंतीवर फेकून मारावी अशा मनःस्थितीत मिटायची. वर्षभर हा नेम चुकला नव्हता. एरवी ती परभणीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि लोकांना शांत बाई वाटायची. रविवारी तिच्याशी बोललेल्यांचं मत वेगळं असणार.

तिला फक्त एक माणूस हवा होता. एका जुन्या विमानावर शिकवणारा माणूस.

विमान वडिलांचं. गोविंदराव कृषी विद्यापीठाच्या औजारांच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, नांगर आणि पेरणीयंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. एका बंद पडलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात कडुलिंबाखाली सडत पडलेलं हवाई दलाचं जुनं ट्रेनर विमान त्यांनी भंगारातून उचललं आणि नऊ वर्षं त्याच्यामागे घालवली. पुढं-मागं दोन सीट, पुढं शिकणारा, मागं शिकवणारा; दोघांपुढं विमान वळवायची एकेक दांडी, एक हलवली की दुसरीही हलायची. झरीच्या अलीकडे एका बंद साखर कारखान्याची धावपट्टी होती, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं होतं. बंगळूरहून एक टेस्ट पायलट येऊन दोन फेऱ्या मारून गेला, कागदावर सही करून गेला. जाताना एवढंच बोलला, "थोडं डावीकडं ओढतंय." त्यावर गोविंदरावांनी महिनाभर एकेक तार, एकेक बिजागरी तपासली. काही सापडलं नाही.

कागदाची मुदत फेब्रुवारीअखेर होती. तोवर या विमानावर रीतसर शिकलेला पायलट दाखवला नाही, तर उड्डाणाची परवानगी गेली. मग हैदराबाद रोडवरचा एक रिसॉर्टवाला ते न्यायला टपलेलाच होता. त्याला ते गेटवर खांबाला लावायचं होतं. "खांबाला लटकवायला नऊ वर्षं नाही घातली मी," असं गोविंदराव एकदाच म्हणाले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

उत्तराकडे लायसन्स होतं, सुट्ट्यांमध्ये नागपूरला जाऊन जिद्दीनं मिळवलेलं. पण तिचे उड्डाणाचे तास सगळे नव्या, समजूतदार विमानांवरचे. हे शेपटीवर बसणारं धूड वेगळं. त्याला शिकवणारा हवा, आणि शिकवणारे एकतर वारले होते किंवा वारायच्या बेतात होते. डेहराडूनच्या एक बाई म्हणाल्या, "त्यांना जाऊन चार वर्षं झाली, तुम्ही फार उशिरा फोन केलात," जणू उत्तराच्याच ढिलाईनं ते गेले. एका कार्यालयातल्या साहेबानं समजावलं, की या विमानावर शिकवायचं तर आधी या विमानावर शिकवणाऱ्याकडून शिकलेलं पाहिजे. "मग पहिल्याला कुणी शिकवलं?" उत्तरानं विचारलं. साहेब म्हणाला, तसा अर्ज करा.

आणि घरीदारी सगळ्यांचं पालुपद एकच. "सोड गं." कॉलेजातली सुकेशनी म्हणायची सोड, आत्या म्हणायची सोड, दूधवालासुद्धा एकदा म्हणाला, सोडा मॅडम. त्या शब्दाचाच तिला संताप यायला लागला होता.

२

आणि माणूस सापडला तो सोनपेठात. साठ किलोमीटरवर! डेहराडून, पुणे, कोईमतूर सगळं पालथं घातलं आणि काखेत कळसा. स्क्वाड्रन लीडर महारुद्र शेटे, निवृत्त. वय एकोणसत्तर, उडवायचं मेडिकल सर्टिफिकेट अजून चालू, जीभ तिखट. याच विमानावर त्यांनी आठ वर्षं पोरं घडवली होती.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी ते सोनपेठच्या एसटीनं आले. हातात वेताची छडी, खांद्याला शबनम. उत्तरानं स्टँडवरून त्यांना स्कूटीवर घेतलं. वाटेत त्यांनी तिच्या ब्रेक मारण्यावर तीनदा टीका केली.

शेडपाशी सटवाजीची मेंढरं चरत होती. धावपट्टीवरचं गवत खुरटं राहावं म्हणून गोविंदरावांनीच त्याला बोलावलं होतं; त्याला चारा मिळे, यांना पट्टी मोकळी मिळे. इंजिनाचा पहिला फटका ऐकू आला की सटवाजी हाळी देऊन कळप बाजूला घ्यायचा.

महारुद्र सर विमानाभोवती एक फेरा घालून आले. डाव्या पंखावर पाय ठेवून चढले. विमान डावीकडे दबलं, आणि ते मागच्या सीटमध्ये उतरल्यावर पुन्हा सरळ झालं. जुन्या खाटेवर कुणी बसावं तसं. पुढं हे दबणं आणि वर येणं उत्तराच्या अंगवळणी पडलं. पाठ असली तरी कळायचं, सर चढले.

"नियम एकच," खाली उतरून ते म्हणाले. "मी छडी उजव्या खांद्याला लावली की उजवीकडं, डाव्या खांद्याला लावली की डावीकडं. बाकी सगळं जमिनीवर बोलायचं. वर गप्पा न्हाईत. आन् शिकवणाऱ्यानं सोड म्हटलं की दांडी सोडायची. कामून म्हणून विचारायचं न्हाई. विचारणारी दोन पोरं मी मातीत गेलेली बघितलीत."

तोच शब्द. उत्तरानं दात आवळले आणि मान हलवली.

गोविंदरावांनी तिच्या डोक्यावर चामडी टोपी चढवली. टोपीच्या कानांतून दोन नळ्या निघत, डॉक्टरच्या नळीसारख्या, आणि सीटखाली जात. जुनी बोलनळी. मागच्यानं नरसाळ्यात बोलायचं, पुढच्यानं ऐकायचं. पुढच्याला उलट बोलायची सोयच नव्हती. महारुद्र सर म्हणाले, खरी शिकवणी अशीच असायची.

त्या दिवशी नुसतं जमिनीवर पळवणं झालं. शेपटी कधी इकडे, कधी तिकडे. सरांनी छडीनं दोन्ही खांदे सुजवले. संध्याकाळी एसटीत चढताना ते म्हणाले, "जातो."

"अहो, जातो काय म्हणता," गोविंदराव कळवळले. "येतो म्हणावं."

"बरं बाबा, येतो."

"या," गोविंदराव म्हणाले, तेव्हा कुठं त्यांचा जीव खाली पडला.

३

दुसऱ्या रविवारी ते उडाले.

खाली हरभऱ्याची रानं, तुरीच्या काड्यांचे ढीग, जिंतूर रोडवर सरकणाऱ्या गाड्या. दोन मिनिटं उत्तरा सगळं विसरली. तिसऱ्या मिनिटाला विमान तिच्या हातात गाढवासारखं अडायला लागलं. नाक वर, पंख खाली, काही केल्या सरळ राहीना. तिनं दांडी घट्ट धरली, तेवढं ते जास्त अडलं.

"सोड," नळीतून आवाज आला.

शांत, जवळजवळ कंटाळलेला. तिनं हात मांडीवर ठेवले. विमान लगेच सरळ झालं आणि हलकेच डावीकडे वळलं. वळण इतकं सुरेख, की तिला रडू यावं. हे असं जमायला हवं, आपल्याला कधी जमणार?

मग छडी तिच्या उजव्या खांद्यावर बसली. फाडकन. तिनं गोंधळून दांडी धरली, उजवीकडे घेतली. उतरताना पुन्हा तेच. जमीन अंगावर यायला लागली आणि नळी म्हणाली, "सोड." तिनं सोडली. चाकं टेकली ती कळलंसुद्धा नाही.

खाली उतरल्यावर महारुद्र सर म्हणाले, "उतरवलंस झकास. पण वर डावीकडं कामून चाललीस? छडी दिली तरी ऐकंना."

उत्तराला हा टोमणा झोंबला. स्वतःच विमान उतरवायचं आणि वर झकास म्हणायचं! स्वतःच डावीकडे न्यायचं आणि बोल तिला लावायचे! पण एवढ्या मिनतवारीनं मिळालेला माणूस. भांडून घालवला तर फेब्रुवारीअखेर कुणाच्या दारी जायचं? ती "सॉरी सर" म्हणाली आणि स्कूटी सुरू केली.

४

तिसऱ्या रविवारी तेच झालं, चौथ्याही. जेव्हा जेव्हा तिला जड जाई, तेव्हा नळी म्हणे, "सोड." ती सोडी, विमान सावरे आणि डावीकडे वळे, झरीच्या दिशेनं, आणि मग छडीचा मार. खाली आल्यावर शाबासकी त्याच गोष्टींची, ज्या तिनं केलेल्या नसत. तिच्या नावावर तास साठत होते आणि तिला काहीच येत नव्हतं. याला शिकवणी म्हणायचं की थट्टा?

चौथ्या रविवारी एक बारीकशी गोष्ट झाली. उड्डाण संपवून शेडसमोर इंजिन बंद केलं. पंख दबला, वर आला, सर उतरले. उत्तरा पट्टे सोडत तशीच बसली होती. समोर सर सटवाजीपाशी जाऊन तंबाखू मळायला लागले होते, तीस पावलांवर.

"सोड," नळीत आवाज आला.

तिचे हात आपोआप मांडीवर गेले. मग तिनं समोर पाहिलं. सरांच्या ओठात तंबाखू होती.

इंजिन गार होताना पत्रा आखडतो, टकटक वाजतो, नळीत तो आवाज घुमतो. हे ती अकरावीच्या पोरांना शिकवत आली होती. नाद, अनुनाद, सगळं फळ्यावर काढून दाखवता आलं असतं. तिनं टोपी काढली, खाली उतरली. 

परतताना स्कूटीवर तिच्यानं राहवलं नाही. "सर, एक विचारू? माझ्या हातात विमान कधी देणार तुम्ही? अडचण आली की लगेच सोड म्हणता. मी शिकणार कधी?"

 मग त्यांनी तिच्या खांद्याला छडी लावली. "गाडी बाजूला घे."

रस्त्याकडेला उभं राहून त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मी एकदाबी सोड म्हणलो न्हाई तुला," ते म्हणाले. "म्हणून तर खूश होतो तुझ्यावर. तीन रविवार झाले उडायलोय, माझे हात मांडीवर हायत. म्हणलं पोरगी काय उडवायलीय!"

"माझे हात मांडीवर होते, सर."

जिंतूरहून येणारी एक एसटी दोघांच्या अंगावर धूळ उडवत गेली. 

५

गोविंदरावांनी दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटखालची फळी उघडली. बोलनळीची रबरी नळी वीतभर गेली होती आणि तिथंच संपली होती. तोंडाला चिंधीचा बोळा.

"हे काय?"

"अगं, मागची नळी तडकली होती. दिवाळीतच काढली मी, नरसाळ्यासकट. नवं रबर अजून यायलंय." गोविंदराव चष्म्यावरून बघत म्हणाले. "तुला सांगितलं होतं की."

"नाही सांगितलं, बाबा."

"शेटेंना सांगितलं होतं. म्हणून तर ते छडी आणायलेत."

तिनं बोळा उपसून बघितला, पुन्हा कोंबला. हाताला काहीतरी स्पष्ट लागलं असतं, उंदराचं घरटं, तुटकी तार, तर तिला हायसं वाटलं असतं. नळी नुसती नळी होती.

महारुद्र सरांनी मात्र आपला निकाल लावून टाकला. पुढच्या रविवारी येताच म्हणाले, "मी आठवडाभर विचार केला. दोघांचे हात मांडीवर हे होऊच शकत न्हाई. म्हणजे तूच उडवायलीस. तुझ्या हाताला सगळं येतंय, डोक्याला पटंना. मग डोकंच कानात बोलतंय. माझ्याकडं एक सरदार पोरगा होता, त्याच्या कानात त्याची आजी बोलायची. चांगला पायलट झाला."

उत्तराला हे पटवून घ्यायचं होतं. इतकं पटवून घ्यायचं होतं की तिनं उलट प्रश्नच केला नाही. त्या दिवशी कानातल्या नळ्या काढून ती उडाली. दांडी एकदाही सोडली नाही. आवाज आला नाही. उतरताना दोनदा आपटली, तिसऱ्यांदा बरी उतरली. आपटणं तिचं होतं, म्हणून तिला ते फार आवडलं. डावीकडची ओढ तेवढी होती, रिक्षाचं हँडल वाकडं असावं तशी, पण ती धरून ठेवता येत होती.

"फेब्रुवारीचा शेवटचा रविवार," सर म्हणाले. "एकटी जायचं. एक फेरी मारायची, उतरायचं. की मी तुझ्या उड्डाणांच्या वहीत सही केली. मग तुझं विमान तुला, मला माझी एसटी."

६

एकट्यानं जाताना मागच्या सीटचे पट्टे बांधून ठेवायचे असतात, नाहीतर सुटे पट्टे हलत्या भागांत अडकतात. ते उत्तरानं स्वतः बांधले, बक्कल खेचून पाहिलं. सरांनी मागची दांडीच उपसून काढली आणि गोविंदरावांच्या हातात दिली. "धरा. आता मागून कुणी काही करतो म्हणलं तरी करता येणार न्हाई." गोविंदराव ती काठीसारखी दोन्ही हातांनी धरून शेडच्या दारात उभे राहिले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

सटवाजीनं हाळी दिली, मेंढरं बाजूला झाली. साडेदहाचं स्वच्छ ऊन होतं. उत्तरानं नळ्या कानातून काढून छातीवर सोडल्या आणि दांडी धरली.

उडाली ती छान उडाली. हजार फुटांवर तिनं विमान सरळ केलं आणि मोठ्यानं हसली. वर्षभराची ती वही, तो साहेब, ते अर्ज, सगळे खाली त्या हरभऱ्यात कुठंतरी पडले होते. आता फक्त फेरी मारायची आणि उतरायचं.

"सोड."

छातीवर लोंबणाऱ्या नळ्यांतून हा आवाज आला नव्हता. तो मागून आला होता, उजव्या कानाशी. दुचाकीवर मागं बसलेला माणूस वाऱ्यात ऐकू यावं म्हणून पुढं वाकून बोलतो, तसा.

तिनं दांडी दोन्ही हातांनी आवळली. डोक्यातलं आहे, डोक्यातलंच आहे. सरदार पोरगा, आजी. ती सोळाचा पाढा म्हणायला लागली.

"सोड की."

आता त्यात कंटाळा नव्हता. जरासा ओशाळेपणा होता.

समोरच्या चौकटीला तळहाताएवढा आरसा होता. त्यात मागची सीट दिसायची. बघायचं नाही असं तिनं ठरवलं आणि बघितलं. सीट रिकामी होती. पाठीचं चामडं शेवटच्या टाक्यापर्यंत दिसत होतं. पण तिनं खेचून बांधलेले पट्टे सीटला चिकटलेले नव्हते. ते वीतभर पुढं, हवेत होते, ताणलेले. आणि हळूहळू वर येत होते, खाली जात होते. वर, खाली. श्वास चालावा तसे.

"झरीच्या फाट्याला सोड," आवाज म्हणाला. "लय दिस झाले."

आणि उत्तराला कळलं. तिनं आणि सरांनी त्या शब्दाचा एकच अर्थ धरला होता, विमानातला. बाकी आख्ख्या जिल्ह्यात तो शब्द रोज रस्त्याकडेला उभा असतो, हात करून. दादा, मला तेवढं फाट्यापर्यंत सोडा. ताई, स्टँडला सोडता का? ती स्वतः शंभरदा म्हणाली होती. शंभर जणांना तिनं स्कूटीवर घेतलं होतं. आणि अशा वेळी माणूस विचार करत नाही. तोंडातून जे निघायचं ते निघतंच.

"बसा," ती म्हणाली. "सोडते."

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला त्याचा दुसरा अर्थ ऐकू आला. तोवर उशीर झाला होता. दांडी तिच्या मुठीतून सावकाश, जोर न करता, काढून घेतल्यासारखी निघाली आणि डावीकडे कलली.

७

किती सुंदर वळण होतं ते! उत्तरानं पुन्हा दांडी धरली तर ती पोलादी खांबासारखी लागली. तिनं पायांनी जोर केला, ओरडली, बाबांना हाक मारली. इंजिनाचा आवाज आपोआप बारीक झाला. खाली झरीच्या अलीकडचा माळ आला, दगडगोटे, बाभळी, आणि त्यांच्यामधून एक लांब मोकळी पट्टी जी तिला वरून कधी दिसली नव्हती. चाकं टेकली ती कळलंसुद्धा नाही.

विमान थांबलं. इंजिन हळू फिरत राहिलं. माळावर तिच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. दूर फाट्यावर एक जीप उभी होती आणि तिच्या टपावर कुणीतरी कडब्याच्या पेंढ्या रचत होतं. नेहमीचं, रविवार सकाळचं दृश्य.

पंख दबला.

डावा. चांगला खोल दबला, माणूसभर, आणि पुन्हा वर आला. कुणीतरी उतरलं होतं. उत्तरानं आरशात पाहिलं. पट्टे सीटला चिकटून पडले होते आणि बक्कल बांधलेलंच होतं.

पंखाच्या खालून, जमिनीवरून, आवाज आला. त्यात आता समाधान होतं.

"येतो."

आयुष्यभर कानावर पडलेला शब्द. त्याला आयुष्यभर दिलेलं उत्तर तिच्या तोंडातून आपसूक निघालं.

"या," उत्तरा म्हणाली.

मग दांडी पुन्हा तिच्या हातात हलकी झाली. तिनं ती धरली आणि आपल्या हातांनी, वेड्यावाकड्या पद्धतीनं, तिथून उडाली. विमान आता कुठंही ओढत नव्हतं.

८

महारुद्र सर तिच्यावर खेकसले. दहा मिनिटं कुठं गेली होतीस? माळावर कशाला उतरलीस? जीव जड झाला होता का? तिनं इंजिन गरम झालं होतं म्हणून सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही, पण वही उघडली आणि सही केली. त्यांनाही मुदत ठाऊक होती.

"आता ओढत नाही, सर," ती म्हणाली. "डावीकडं."

गोविंदराव अजून दारातच होते. मागची दांडी त्यांनी खाली ठेवली नव्हती. तिनं ती घ्यायला हात पुढं केला तेव्हा त्यांचे तळवे लाल दिसले.

"म्हातारपणाचे हात," ते ओशाळून हसले. "मधीच ही दांडी डावीकडं ओढायली असं वाटलं बघ. लय जोर होता. पण मी सोडली नाही."

उत्तरा त्या रात्री जेवली नाही. सकाळी ती वडिलांना म्हणाली, "बाबा, त्या रिसॉर्टवाल्याला फोन करा. देऊन टाकू. सोडून देऊ आपण."

गोविंदरावांनी पेपर खाली ठेवला. तिला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. "वर्षभर सगळे तुला सोड म्हणायले, तू सोडलं नाहीस," ते म्हणाले. "मला वाटायचं, हिनं सोडलं तर मी काय करू? आणि आता जमलं तर सोडायचं?" त्यांचे डोळे भरून आले होते. पुढच्या रविवारी त्यांनी वर्कशॉपमधली सगळी जुनी माणसं बोलावली होती, शंभरेक तरी. नऊ वर्षं ज्यांनी त्यांना वेड्यात काढलं ती माणसं. त्यांना तिनं काय सांगायचं होतं? महारुद्र सर वगळले तर त्या विमानावर शिकलेला पायलट जिल्ह्यात एकच होता, आणि तो ती होती.

रविवारी धावपट्टीच्या कडेनं खुर्च्या मांडल्या होत्या. महारुद्र सर यायचे नव्हते, त्यांचं काम संपलं होतं. सटवाजीनं मेंढरं लांब नेली होती. गोविंदराव समोर उभे होते, तोच इस्त्रीचा सदरा, हात जोडून लोकांना बसवत होते. मागची दांडी त्यांनीच हौसेनं परत बसवली होती. उत्तरा पुढच्या सीटमध्ये बसली, पट्टे आवळले, मागच्या सीटचे पट्टे बांधलेत ना हे मान वळवून पाहिलं. बांधलेले होते. रिकामे, सपाट. तिनं आरसा उलटा फिरवून ठेवला आणि किल्लीला हात घातला.

पंख दबला.

समोर कुणी हललं नव्हतं. सगळी माणसं आपापल्या खुर्च्यांवर होती. पंख वर आला, विमान सरळ झालं, आणि मागं पट्टे ताणल्याचा बारीकसा आवाज झाला. वर्षभर ती शिकवणारा शोधत वणवणली होती आणि मिळत नव्हता; हा तिच्या एका 'या'वर परत आला होता.

"चल," कानाशी वाकून आवाज म्हणाला. "आज जरा लांब सोड."